एकतिसावा शब्द

तू मला फसवलंस. सात वर्षं, दर शनिवारी, माझ्या शेजारी बसून, माझ्याच थर्मासमधला चहा पीत फसवलंस. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे तू मेल्यावर मी मऊ पडलो असं कोणी म्हणायला नको.

तुला जाऊन सोळा दिवस झाले. मेलेल्याचं वाईट बोलू नये, असं आमच्याकडे म्हणतात. तुमच्या घरात तर मेलेल्याचं नावसुद्धा घेत नाहीत. त्याचा कोट, त्याची खुर्ची, त्याचा कप, सगळं मोडून-जाळून टाकतात. नाव मी घेतलेलं नाही. रोझाला, तुझ्या बायकोला, तसा शब्द दिलाय. वाईट बोलणार नाही असा शब्द मात्र मी कोणालाच दिलेला नाही.

पहिला दिवस आठव. हॅम्बर्गचा शनिवारचा जुना बाजार, रेल्वेच्या पुलाच्या खांबाला लागून माझं टेबल, वर ताडपत्री, ताडपत्रीवर पाऊस. मी इचलकरंजीचा फिटर. आठवडाभर इथल्या बंद पडलेल्या गिरण्यांतले माग उतरवून देशात पाठवायचे आणि शनिवारी त्याच गिरण्यांतून सुटलेली हत्यारं विकायची, हा माझा धंदा. तू जुनं फर्निचर दुरुस्त करून विकतोस, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी तू आलास, एक रंधा उचललास आणि पाव तास त्याला नावं ठेवलीस. पातं गंजलंय, मूठ हलते, लाकूड फुगलंय. मग मान वळवून मागे उभ्या असलेल्या तुझ्या मेहुण्याला, रूडीला, हळूच काहीतरी म्हणालास. त्या वाक्यातला एकच शब्द माझ्या कानात शिरला. चुरी.

रंध्याशेजारी हाडाच्या मुठीची एक सुरी पडली होती. तुझी नजर तिच्यावर एकदाही गेली नव्हती. इतकी न जाणारी नजर मीही आयुष्यभर वापरली आहे.

"रंधा तसाच घेऊन जा," मी म्हणालो. "सुरीचा भाव उतरणार नाही."

डाव ओळखला गेला की गिऱ्हाईक हसतं, नाहीतर चिडतं. तू घाबरलास. तुझ्यासारखा धिप्पाड माणूस ओठ पांढरे पडेपर्यंत घाबरला.

"कोणाकडून शिकलास?"

"काय?"

"आमची भाषा."

"तुमची कसली? माझ्या आईची आहे."

रूडी टेबल ओलांडून माझ्या बाजूला आला. "युनिव्हर्सिटीतून आलास का?"

"आयटीआयमधून," मी म्हणालो.

तुम्हा दोघांना ते कळलं नाही, पण युनिव्हर्सिटी नाही एवढं कळलं. मग मी तुला जे सांगितलं, ते इथल्या एकाही मराठी माणसाला आजवर सांगितलेलं नाही. मी घिसाड्याचा पोर आहे. गावाबाहेर पाल ठोकायचं, रस्त्याच्या कडेला भाता लावायचा, लोकांचे विळे-कोयते घडवायचे आणि गावाला कंटाळा आला की पाल उचलायचं. पालावर आमची बोली वेगळी. गाव म्हणायचं सुरी, आई म्हणायची छुरी. इथल्या गणेशोत्सवात पुण्या-मुंबईची आयटीतली मंडळी विचारतात, "आपण मूळचे कुठले?" मी म्हणतो, "मशिनरीच्या लाइनमध्ये." तुला मात्र पहिल्याच तासात सगळं सांगून बसलो. समोरचा एवढा घाबरलेला असला, की आपण कोण ते सांगावंच लागतं.

सुरी तू घेतलीस. भाव मी उतरवला नाही. आणि पुढच्या शनिवारी तुझं दुकान माझ्या शेजारी लागलं.

सौदा तू ठरवलास. एका शब्दाला एक शब्द. तू तुझ्या घरातला द्यायचा, मी माझ्या पालावरचा किंवा मराठीतला. अट एकच. "कागदावर काही नाही," तू म्हणालास. मी हातावर हात मारला.

अट का, तेही तू त्याच दिवशी सांगितलंस. हिटलरच्या काळात तुझी आई लहान होती. इथले लोक ज्यांना जिप्सी म्हणतात, त्या तुमच्या लोकांच्या तळावर एक बाई यायची. गोरी, हसरी, युनिव्हर्सिटीत शिकलेली, तुमची भाषा तुमच्याइतकी छान बोलणारी. पोरांना गोड खाऊ द्यायची, म्हाताऱ्यांच्या पायाशी बसायची आणि विचारायची, हा कोणाचा, ती कोणाची, आजीचं माहेर कुठलं. ऐकलेलं सगळं लिहून घ्यायची. नंतर त्याच कागदांवरून नावं वाचून माणसांना गाड्यांत भरलं. तुझी आई वाचली, तिची भावंडं वाचली नाहीत. "म्हणून," तू म्हणालास, "आमचं लिहून घेणारा आमचा नसतो."

मी ऐकलं. मान हलवली. आणि त्याच संध्याकाळी व्हॅनमध्ये बसून पहिल्या पानावर लिहिलं: चुरी.

हो, लिहिलं. माझी बाजूही ऐकून घे, आता तुला दुसरं काय काम आहे? माझी आई मेली तेव्हा मी इथे होतो. तिच्याबरोबर पालावरची निम्मी बोली गेली. भात्याच्या प्रत्येक भागाला तिच्याकडे वेगळं नाव होतं, त्यातली दोन मला आठवतात. कोणी लिहून ठेवली नव्हती. मला वाटलं, पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. शिवाय देवनागरीत लिहिलं तर हॅम्बर्गमध्ये कोणाला वाचता येणार आहे? चोरी करणारा असाच हिशेब करतो, हे मला तेव्हाही माहीत होतं.

पहिले तीस शब्द कसे पटापट आले! पाणी म्हणजे पाणी. दिवसाला दिवेस. नाक, कान तर जसेच्या तसे. तुमच्या चर्चमधल्या क्रुसाला त्रुशुल म्हणतात हे ऐकून मी इतका हसलो, की शेजारची मोजे विकणारी मीरा धावत आली. मीरा सर्बियातली, तीही तुमच्यातलीच, पण बोली वेगळी; तुझं निम्मं तिला कळायचं नाही आणि तिचं निम्मं तुला आवडायचं नाही.

तिसावा शब्द होता मानुश. तो दिवस मला पक्का आठवतो, कारण त्या दिवशी पावसामुळे बाजारात कुत्रंसुद्धा नव्हतं आणि आपण एका शब्दावर तीन तास भांडलो.

"मानुश म्हणजे माणूस," तू म्हणालास. "कोणीही. तू, मी, तो पोलीस."

"मग वेगळं काय? आमचाही तोच."

"थांब. माझी आजी ऱ्हाइनपलीकडची, फ्रान्सच्या बाजूची. तिच्याकडे मानुश म्हणजे फक्त आपण. आपले लोक. तो पोलीस मानुश नाही, तो गाजो, बाहेरचा."

मीरा मोज्यांचा ढीग झाकत ओरडली, "आमच्याकडे मानुश म्हणजे पुरुष! आणि मानुश्नी म्हणजे बायको. तुमचं काहीतरीच!"

"तुझं काय?" तू मला विचारलंस.

मी तुला सांगत सुटलो. आमच्यात बायको नवऱ्याला म्हणते, माझा माणूस. मुकादम म्हणतो, दहा माणसं लाव. पाहुणे आले तर माणसं आली. बाईसुद्धा माणूस, बाईमाणूस. घरात मयत झालं तर माणूस गेलं म्हणतात, गेला नाही, गेलं. आणि फौजदार आमच्या पालावर काठी आपटत यायचा तेव्हा म्हणायचा, "माणसं राहतात का जनावरं रे इथं?"

तू म्हणालास, "एवढ्याशा शब्दाचं प्रत्येकानं आपापल्या मापाचं कुंपण केलंय. कोणाचं मोठं, कोणाचं एका खोलीएवढं." आणि माझ्या पाठीवर थाप मारून रूडीला तुमच्या भाषेत काहीतरी म्हणालास. त्यात मानुश होतं. आजीच्या मापाचं की मीराच्या, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, विचारायला पुढे खूप शनिवार आहेत.

त्यानंतरच्या शनिवारी तू मला एकतिसावा शब्द दिलास. पावाला टिमुल.

पुढच्या सात वर्षांत तू मला दोनशेहून जास्त शब्द दिलेस. मी तुला तेवढेच दिले आणि एकही खोटा दिला नाही. आईच्या शिव्यासुद्धा दिल्या. मधल्या काळात तू माझ्यासाठी काय काय केलंस तेही लिहितो, नाहीतर मीही खोट्याचा भागीदार होईन. माझ्या बायकोच्या ऑपरेशनच्या दिवशी तू माझं टेबल सांभाळलंस आणि माझ्यापेक्षा चांगल्या भावानं माल विकून महिनाभर मला टोमणे मारलेस. निर्वासित आले त्या वर्षी एक गिऱ्हाईक मला "तूही परत जा" म्हणालं, तेव्हा तू त्याच्या हातातला मी विकलेला पाना काढून घेतलास आणि म्हणालास, "हा विकाऊ नाही, पुढे चल." तुझ्या घरी मी जेवलो. रोझा टेबलावर म्हणायची, टिमुल दे, आणि मी फुशारकीनं पावाची टोपली पुढे करायचो. सगळे हसायचे. मला वाटायचं, माझ्यावर खूश आहेत.

मग मुक्ता. माझी मुलगी तुला ठाऊक आहे. इथेच जन्मली, मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर. ती युनिव्हर्सिटीत भाषाशास्त्र शिकायला लागली आणि आयुष्यात पहिल्यांदा बापाला काहीतरी माहीत आहे असं तिला वाटलं. मी वही काढून दिली. किती खूश होऊन दिली! तिनं सगळे शब्द रोमन लिपीत उतरवले आणि वर्गात मांडले. तिच्या प्रोफेसरीणबाईंनी ते सगळ्या बोलींच्या कोशांशी ताडून पाहिले. पहिले तीस शब्द बरोबर निघाले. पुढचा एकही कुठल्याच बोलीत सापडला नाही. ना तुमच्या, ना फ्रान्सच्या, ना सर्बियाच्या. बाई भर वर्गात म्हणाल्या, "एकतर तुमच्या वडिलांनी नवी भाषा शोधलीय, नाहीतर त्यांना कोणीतरी बनवलंय."

मुक्ता घरी आली आणि वही टेबलावर टाकली. "पाइनलिश, पप्पा," एवढंच म्हणाली. लाजेनं मेले, असा त्याचा अर्थ. खोलीचं दार लावून घेतलं. महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही.

त्या शनिवारी मी तुझ्या अंगावर आलो, ते तुला आठवत असेल. तू एका कपाटाचं बिजागर बसवत होतास. मी टेबलावर वही आपटली. तू वहीकडे पाहिलंस, माझ्याकडे नाही.

"टिमुल म्हणजे काय?" मी विचारलं.

"पाव."

"खोटं!"

"तू कुठे विचारलंस, कोणाला विचारलंस, की तुला ते खोटं निघालं?"

तिथे मी सापडलो. खोटा शब्द तुझा सापळा होता. तो दुसऱ्याच्या तोंडून परत आला, की समजायचं, यानं लिहिलं आणि दिलं. सात वर्षं तू तो लावून ठेवला होतास आणि मी माझ्या पायानं चालत आत आलो. हे कळलं, आणि म्हणूनच मी जास्त चिडलो. मी तुला चोराची जात म्हणालो. जर्मनमध्ये म्हणालो, मराठीत जीभ वळली नसती. कारण हेच शब्द मी आठ वर्षांचा असताना फौजदारानं माझ्या बापाला ऐकवले होते, आणि बाप भाता सोडून हात जोडून उभा राहिला होता. तू हात जोडले नाहीस. बिजागराचा स्क्रू पुरता आवळलास, पेचकस पुसून ठेवलास आणि म्हणालास, "आणि तू लिहिलंस."

नंतर अकरा महिने आपण दहा पावलांवर दुकान लावलं आणि एकमेकांकडे पाहिलं नाही. मीरा मधे बसून दोघांनाही शिव्या द्यायची. मी वाट पाहत होतो, तू आधी बोलशील म्हणून. मी घासाघीस करणारा माणूस आहे. पहिल्यांदा आकडा बोलेल तो हरतो, हे मला बापानं शिकवलंय. तुलाही कोणीतरी तेच शिकवलं असणार. मग एका शनिवारी तुझी जागा रिकामी दिसली, आणि मीरानं सांगितलं की काल तू गेलास. छातीत कळ आली म्हणे. अकरा महिने न बोलून मी काय जिंकलो, ते मला सांगता येणार नाही.

मयताला मी आलो. कोणी ये म्हटलं नव्हतं. मातीनंतर चर्चमागच्या हॉलमध्ये लांब टेबलं लावली होती. मी दारातच उभा राहिलो.

"या, या, पंडित!" रूडी ओरडला. "जागा करा रे, आमची भाषा शिकलेला मानुश आलाय!"

माझं तोंड पडलेलं पाहून त्याला चेव चढला. "तुला माहीत आहे का, सात वर्षं आम्ही काय भोगलं? दर शुक्रवारी जेवताना तो आम्हाला तुझे शब्द पाठ करायला लावायचा! उद्या तो येणार, चुकू नका. माझ्या बायकोनं एकदा चुकून खरा शब्द काढला तर तिच्यावर असा ओरडला! आम्ही म्हणालो, अरे, हाकलून दे त्याला. मीच पाहिलं होतं तुला व्हॅनमध्ये लिहिताना, मानुशवरून तुम्ही भांडलात त्या पावसाच्या दिवशी. लगेच सांगितलं त्याला."

"मग तो काय म्हणाला?"

"विचारलं, कुठल्या लिपीत लिहितोय? मी म्हणालो, दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी दिसते. हसला. आणि पुढच्या शुक्रवारपासून आमची शाळा सुरू!"

टेबलावरचे सगळे हसले. मयतात, तुझ्या मयतात, मला हसले. मी निघणार होतो. तेवढ्यात तुझी नात, चार वर्षांची, रोझाच्या मांडीवरून हात लांब करून म्हणाली, "टिमुल."

तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिला तो खोटा आहे हेही माहीत नव्हतं. तिच्या जन्माआधीपासून त्या घरात तो शब्द होता. टोपली माझ्याजवळ होती. मी पावाचा तुकडा तिच्या हातात दिला.

रोझानं पोरीचा हात खाली घेतला. "हा शब्द आता नाही म्हणायचा," ती तिला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "ते सगळे शब्द त्याचे होते. त्यानं केलेले. त्याच्या वस्तू आम्ही ठेवत नाही. तुझ्याकडची वही आण."

"वही माझी आहे."

"अक्षर तुझं. शब्द त्याचे."

"पहिले तीस तुम्हा सगळ्यांचे आहेत. त्यातले काही माझ्या आईचेही."

"मग ती पानं फाडून ठेव. बाकीची आण. जाळायची आहेत."

"आणतो. आधी एक सांग. मी लिहितो हे त्याला तीस शब्दांतच कळलं. मग त्यानं मला हाकललं का नाही? खोटे शब्द करायचे, लक्षात ठेवायचे, घरादाराला शिकवायचे, एवढी मेहनत कशाला? एका वाक्यात काम झालं असतं."

रोझानं आधी रूडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला माहीत आहे. पडलेला भाव ओळखतो तसं मी ते ओळखलं. "जाळ," ती म्हणाली, "मग सांगते."

"सांग, मग जाळतो."

"बघा!" रूडीनं कपाळावर हात मारला. "मयतातसुद्धा घासाघीस!"

तेव्हापासून वही माझ्यासमोर आहे. काल मी ती पहिल्या पानापासून वाचली. काढायची होती तुझी एक चूक. दोनशेहून जास्त शब्द, सात वर्षांत शंभरदा वापरलेले. एकदा तरी तू टिमुलच्या जागी दुसरं काही म्हणाला असशील, एकदा तरी हातोडीसाठी केलेला शब्द चुकून खिळ्याला लावला असशील. नाही. एकही नाही. खरी भाषा बोलताना माणूस अडखळतो, तू खोटी बोलताना एकदाही अडखळला नाहीस. फसवणारा एवढे कष्ट घेत नाही, हे मला धंद्यातून कळतं. फसवणाऱ्याला घाई असते. मग तू काय करत होतास, ते मला कळत नाही. कळत असेल तर मी ते मान्य करणार नाही. मला ते कोणाच्या तरी तोंडून हवंय.

तुझ्याकडून आता काही मिळायचं नाही. तू तोंड मिटायला चांगली जागा शोधलीस. पण सौदा एका शब्दाला एक शब्द असा होता, आणि माझे दोनशे शब्द तू खरे घेऊन गेलास. माझ्या आईचे घेऊन गेलास. ते परत मागत नाही. त्या बदल्यात एक उत्तर मागतो.

रोझा, रूडी, तुमच्यापैकी कोणीही. शनिवारी मी पुलाखाली वही घेऊन उभा आहे, काडेपेटीही आणतोय. वही पेटेल, तुमच्यासमोर पेटेल, पण आधी जाब द्या. तीस शब्दांनंतर त्यानं मला हाकललं का नाही? दुपारपर्यंत थांबेन. जाब मिळाला नाही तर बाजाराच्या मधोमध उभा राहून मी त्याचं नाव घेईन, मोठ्यानं, पुन्हा पुन्हा, मला उत्तर द्यायला कोणीतरी टेबल सोडून उठेपर्यंत.